परमिएट लाइनवर थर्मल फ्लो सेन्सर: बसवण्यापासून नोंदवहीपर्यंत

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला दुपारी गाडी थांबली की इंजिनाची धग पोटरीला लागते. हिरवा दिवा पडून गाडी सुटली की धग जाते. इंजिन तितकंच तापतंय, पण आता वारा त्याची उष्णता उचलून नेतोय. मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्यालाही नुसत्या धगीवरून सांगता येईल, गाडी पळतेय की रांगतेय. थर्मल फ्लो सेन्सरची सगळी हुशारी एवढीच. पाइपात बुडवलेलं त्याचं स्टीलचं टोक आतून किंचित तापवलेलं असतं. पाणी जितकं जोरात जाईल तितकी त्याची उष्णता लवकर निघून जाते.

आता हीच गाडी जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सकाळी काढा. वेग तोच, पण वारा गार, त्यामुळे धग कमी. नुसत्या धगीवर विसंबलात तर गाडी जास्त पळतेय असं वाटेल. म्हणून सेन्सरच्या टोकात दोन तापमापक असतात. एक तापवलेल्या जागेचं तापमान बघतो, दुसरा आजूबाजूच्या पाण्याचं. हिशोब होतो तो दोघांमधल्या फरकाचा.

हा लेख नुकतेच आरओ प्लांटवर आलेल्यांसाठी आहे: अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटमध्ये, डाइंग हाउसमध्ये, नाहीतर बॉयलरच्या पाण्यासाठी ताशी हजार-दोन हजार लिटरचा प्लांट सांभाळणारे. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच चालतं. सेन्सरला पाण्याचे लिटर दिसत नाहीत. त्याला कळते ती फक्त जाणारी उष्णता. उष्णतेचं गणित बिघडवणारी कुठलीही गोष्ट, मग ती हवा असो, क्षार असो नाहीतर भिंतीवरचं ऊन, स्क्रीनवर ‘प्रवाह बदलला’ म्हणूनच येते.

आत काय चालतं

आपल्याकडे दोन प्रकार भेटतात. पहिला वर सांगितलेला, पाइपात घुसवायचा, एका टोकाचा. त्यात टोक पाण्यापेक्षा ठरावीक अंश गरम ठेवलं जातं आणि त्यासाठी किती वीज लागते ते मोजतात. नाहीतर उलट: वीज ठरावीक ठेवून फरक किती उरतो ते बघतात. शास्त्रज्ञ एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली तापलेल्या तारेवर काम करून याचा नियम मांडला. वाहत्या प्रवाहात जाणारी उष्णता साधारण वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर उष्णतेचा तो भाग दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की सेन्सर मंद प्रवाहात तल्लख असतो आणि वेग वाढेल तसा बोथट होत जातो. पाइप निवडताना हे कामाला येईल.

दुसरा प्रकार बारीक नळीसाठी. मध्ये हीटर, त्याच्या अलीकडे एक तापमापक, पलीकडे एक. पाणी हीटरवरून किती गरम होऊन पुढे गेलं यावरून प्रवाह काढायचा. १ वॉटचा हीटर मिनिटाला १ मिलिलिटर पाण्याला सुमारे १४ अंशांनी तापवतो, पण मिनिटाला १ लिटर असेल तर अंशाच्या सत्तराव्या भागानेच. त्यामुळे ही युक्ती प्रयोगशाळेतल्या छोट्या मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) सेलवर झकास चालते, कारखान्याच्या दीड इंची लाइनवर नाही.

हात साफ करायचा असेल तर घरच्या आरओवर करा. ७५ जीपीडीच्या (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेनमधून मिनिटाला २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी येतं. स्टीलच्या बारीक नळीवर बाहेरून ५ वॉटचा रेझिस्टर आणि दोन बाजूंना दोन एनटीसी थर्मिस्टर (छोटे तापमापक) चिकटवा, वरून फोम गुंडाळा. दोघांत साधारण ०.३५ अंशाचा फरक मिळायला हवा. त्याहून खूप कमी मिळाला तर उष्णता पाण्यात न जाता हवेत चालली आहे, फोम वाढवा. पाणी थांबल्यावर हीटर बंद करायला मात्र विसरू नका. थांबलेल्या पाण्यात ५ वॉट कुठेच जात नाहीत, नळी तापत राहते.

हाच सेन्सर का

खरं सांगायचं तर पाण्यासाठी हा सगळ्यांत अचूक मीटर नाही. पाण्याचं बिल करायचं असेल तर हा घेऊ नका. पण आरओच्या शुद्ध पाण्यावर, म्हणजे परमिएटवर, त्याच्या काही बाजू चांगल्या आहेत. फिरणारा भाग नाही, त्यामुळे टर्बाइनसारखा अडकत नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरला पाण्यातून थोडी वीज वाहावी लागते, बहुतेकांना किमान ५ मायक्रोसीमेन्सच्या आसपास. डबल पास, म्हणजे पाणी दोनदा गाळणाऱ्या, आरओचं पाणी कधी त्याच्या खाली जातं आणि मीटर भरकटतो. थर्मलला पाण्याच्या वाहकतेशी देणंघेणं नाही. आणि रोटामीटर, म्हणजे आत तरंगता गोटा असलेली काचेसारखी नळी, आपल्या जागी उत्तमच, पण रात्री दोनला तो कुणाला सांगणार? सेन्सर पीएलसीला, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरला, सांगतो. शिवाय बरेच सेन्सर त्याच टोकातून पाण्याचं तापमानही देतात, आणि आरओवर ते तापमान प्रवाहाइतकंच महत्त्वाचं आहे. त्यावर पुढे येतो.

रिजेक्ट लाइनवर, म्हणजे क्षार घेऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या पाइपावर, मात्र हा सेन्सर लावायच्या भानगडीत नवख्याने पडू नये. आपल्या बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट साखरेच्या उलट वागतं: पाणी तापलं की ते कमी विरघळतं आणि तापलेल्या जागेवर थर धरतं. जुन्या तांब्याच्या बंबाच्या आत जो पांढरा टणक थर बसायचा तोच हा. रिजेक्टमध्ये क्षार आधीच दुप्पट-तिप्पट झालेले असतात, त्यात तुम्ही एक गरम टोक बुडवून ठेवायचं म्हणजे क्षारांना आमंत्रण. तिथे रोटामीटर असू द्या.

पायरी पहिली: वेग काढा

सेन्सर वेग जाणतो, त्यामुळे लिटर सांगून दुकानात सेन्सर मागू नका. सोपा हिशोब: ताशी लिटरला ३.६ ने भागा, मग पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाने (चौरस सेंटिमीटर) भागा. उत्तर सेंटिमीटर प्रति सेकंद. ताशी १००० लिटर आणि आतला व्यास २५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४.९१. वेग आला सुमारे ५७. तेच पाणी १५ मिलिमीटरच्या पाइपात १५७ ने पळेल आणि ५० मिलिमीटरच्या पाइपात १४ ने रेंगाळेल.

पाण्यासाठीचे घुसवायचे सेन्सर साधारणपणे ३ ते ३०० पर्यंत दाखवतात, पण खरी तल्लखता १०० च्या आत. चालू प्रवाह ३० ते ८० च्या मध्ये कुठेतरी पडेल असा पाइपाचा तुकडा निवडा. फार रेंगाळणाऱ्या पाण्यात बुडबुडे टोकावरून हटत नाहीत, तेही टाळायचंय.

पायरी दुसरी: जागा

इथे थोडा वेळ घालवा. पुढची निम्मी डोकेदुखी जागेतूनच येते.

सगळ्या वेसल्सचं (मेम्ब्रेन बसवलेल्या नळकांड्यांचं) परमिएट एकत्र आल्यानंतरचा आणि टाकीच्या आधीचा पाइप घ्या. उभा पाइप, खालून वर जाणारं पाणी, ही पहिली पसंती. पाइप भरलेला राहतो आणि हवा वर निघून जाते. आडवाच पाइप असेल तर सेन्सर बाजूने घुसवा. वरून घुसवलात तर टोक हवेच्या कप्प्यात येतं, खालून घुसवलात तर गाळात. टोक पाइपाच्या मध्याजवळ हवं, समोरच्या भिंतीला टेकता कामा नये. टोकाच्या आधी पाइपाच्या व्यासाच्या ५ ते १० पट सरळ लांबी सोडा, नंतर ३ ते ५ पट. एल्बोच्या लगेच पुढे पाणी एका बाजूला दाबून पळतं, मधला सेन्सर फसतो.

परमिएट बहुतेक ठिकाणी टाकीत वरून उघडंच पडतं. अशा पाइपात शेवटचा आडवा भाग अर्धा रिकामा असतो. हवेची उष्णता वाहून न्यायची ताकद पाण्याच्या मानाने अगदीच किरकोळ, तिची उष्णतावाहकता पाण्याच्या सुमारे चोविसाव्या भागाइतकी. टोक हवेत गेलं की सेन्सर ‘प्रवाह शून्य’ म्हणून बोंब मारतो. सेन्सरनंतर पाइप जरा उंच चढवून मग टाकीत सोडा, म्हणजे सेन्सरपाशी तो कायम भरलेला राहील.

आणि ऊन. ही चूक मी स्वतः केली आहे. सरळ लांबी छान मिळते म्हणून सेन्सर शेडच्या बाहेर, पश्चिमेच्या भिंतीवर लावला होता. प्लांट एक ते दोन जेवणासाठी बंद. एप्रिल लागला आणि दोनला पंप चालू केला की मिनिटाभरात ‘लो फ्लो’ दाखवून प्लांट ट्रिप. दुसऱ्यांदा चालू केला की ठीक. आमचे ऑपरेटर अण्णा म्हणायचे, “साहेब, तुमचा सेन्सर दुपारी जेवून झोपतोय बघा.” मी केबल बदलली, कनेक्टर बदलला, सेन्सर काढून पुसून लावला. दोन आठवडे गेले. शेवटी अण्णांनी सहज पाइपावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या पाइपातलं पाणी चांगलंच तापलेलं. पंप चालू झाला की ते गरम पाणी निघून जातं आणि मागून वेसलमधलं गार पाणी एकदम येतं. पाणी बघणारा तापमापक लगेच खाली उतरतो, तापवलेल्या जागेला मात्र निवायला वेळ लागतो. दोघांतला फरक क्षणभर मोठा दिसतो, आणि फरक मोठा म्हणजे प्रवाह मंद असा सेन्सरचा समज. त्याने त्याच्या अकलेप्रमाणे बरोबरच सांगितलं होतं. सेन्सर शेडच्या आत वेसलजवळ आणला, पीएलसीत सुरुवातीची तीन मिनिटं लो फ्लो न बघण्याचा टायमर टाकला, ट्रिपिंग संपलं.

पायरी तिसरी: बसवणं आणि वायर

स्टील ३१६ एल चं टोक परमिएटला पुरतं. थ्रेडवर टेफ्लॉन टेप मोजकी गुंडाळा, सुटलेली शेपटी टोकाला अडकली तर तीच प्रवाह अडवते. प्लास्टिकच्या टी-जोडात पाना लावून जोर करू नका, चीर जाते.

बहुतेक सेन्सर २४ व्होल्ट डीसीवर चालतात आणि ४ ते २० मिलिअँपिअर देतात: ४ म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण. करंट ४ च्या बराच खाली गेला तर प्रवाह थांबलाय असं समजू नका, वायर तुटली असण्याची शक्यता जास्त. वायरचे रंग सहसा तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी आणि पांढरी आउटपुट. तरी सोबतचा कागद बघूनच जोडा. हाय प्रेशर पंपावर व्हीएफडी (पंपाचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर शील्डवाली केबल घ्या आणि ती पंपाच्या केबलच्या ट्रेमधून ओढू नका. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जोडून बघणाऱ्यांनी १५० ओहमचा रेझिस्टर वापरावा, ०.६ ते ३ व्होल्ट मिळतात. २५० ओहम लावलात तर ५ व्होल्ट येतील आणि बोर्ड जाईल.

पायरी चौथी: बादली आणि घड्याळ

नवा सेन्सर तुमच्या पाइपाला ओळखत नाही. त्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात: पाणी थांबलेलं कसं दिसतं आणि पूर्ण प्रवाह कसा दिसतो. थांबलेलं शिकवताना पाइप भरलेला हवा, रिकामा नव्हे. सेन्सरला वीज देऊन दहा मिनिटं जाऊ द्या, मग शिकवा.

एवढ्यावर थांबणारे पुष्कळ. पण वर्गमुळाची गोष्ट आठवा: शून्य आणि पूर्ण ही दोन टोकं बरोबर असली तरी मधला भाग वाकडा असू शकतो. म्हणून निदान चार प्रवाहांवर पडताळा करा. पाण्याच्या जारवरच्या खुणांवर विश्वास ठेवू नका. रिकामा जार वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि २० किलो भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ७२,००० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी लिटर. ७२ सेकंद लागले तर १०००, ९० ला ८००, १२० ला ६००, १८० ला ४००. पाच लिटरच्या बादलीवर हे करू नका. हजारच्या प्रवाहाला ती १८ सेकंदांत भरते, घड्याळ दाबताना अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की जवळपास तीन टक्के चूक. जारमध्ये तीच चूक एक टक्क्याच्या आत राहते.

प्रवाह कमी-जास्त करायचा तो पंपाच्या व्हीएफडीवरून किंवा फीडच्या, म्हणजे प्लांटमध्ये येणाऱ्या पाण्याच्या, वॉल्व्हवरून. परमिएटच्या लाइनवरचा वॉल्व्ह आवळून प्रवाह कमी करू नका, मुळात तिथे वॉल्व्ह नसलेलाच बरा. पंप बंद झाल्यावर परमिएटच्या बाजूचा दाब जास्त उरला तर मेम्ब्रेनचे थर मागून फुगून सुटतात, आणि सुटलेली मेम्ब्रेन दुरुस्त होत नाही. रिजेक्टचा वॉल्व्ह आवळला तर दाब वाढून परमिएट वाढतं, पण रिजेक्टमधले क्षारही घट्ट होतात, म्हणून तोही फार फिरवू नका.

चारही वेळी सेन्सरचे मिलिअँपिअर आणि जारचा प्रवाह लिहून घ्या. पीएलसीत टेबल टाकायची सोय असेल तर हेच चार बिंदू टाका. नसेल तर रोजचा प्रवाह जिथे असतो तिथे सेन्सर जुळवा आणि बाकीच्या आकड्यांकडे अंदाज म्हणून बघा.

पायरी पाचवी: तापमान लावून वाचा

आता सेन्सर खरा आकडा देतो असं धरू. तरी तो आकडा मेम्ब्रेनची तब्येत सांगत नाही, कारण मेम्ब्रेनही तापमानाची गुलाम आहे. पाणी गरम झालं की पातळ होतं आणि त्याच दाबाला जास्त पार होतं, अंशाला साधारण ३ टक्के. २५ अंशांना १ धरलं तर मेम्ब्रेनवाल्यांच्या नेहमीच्या सूत्राने २० ला ०.८४, २२ ला ०.९०, ३० ला १.१६ आणि ३५ ला १.३३ येतं.

सोलापुरात याचा फटका जोरात बसतो. समजा एप्रिलमध्ये टाकीतून येणारं पाणी ३५ अंशांचं आणि परमिएट ताशी १०००. डिसेंबरच्या सकाळी तेच पाणी २२ अंशांचं झालं. दाब तोच, मेम्ब्रेन तीच, क्षार तेच, तरी प्रवाह ६८० च्या आसपास येणार. कुणीतरी म्हणतं मेम्ब्रेन चोक झाली आणि ॲसिड-अल्कलीचं क्लीनिंग निघतं. उलट बाजू जास्त वाईट: फेब्रुवारी ते मे मेम्ब्रेन हळूहळू चोक होत असते, पण पाणी गरम होत चाललेलं असल्याने परमिएट कमी झालेलं दिसतच नाही.

म्हणून मोजलेला प्रवाह त्या दिवसाच्या तापमानाच्या वरच्या आकड्याने भागा. ३५ अंशांना १००० म्हणजे २५ अंशांचे ७५२. २२ अंशांना ६८० म्हणजे ७५६. दोन्ही जवळपास सारखे, मेम्ब्रेन ठणठणीत. हा भागलेला आकडा, दाब सारखाच असताना, नव्या मेम्ब्रेनच्या मानाने १० ते १५ टक्क्यांनी उतरला की क्लीनिंगला घ्यायचं. जास्त थांबलात तर थर पक्का होतो.

नोंदवहीत रोज एकाच वेळी, प्लांट चालू होऊन अर्धा तास झाल्यावर, पाच रकाने भरा: सेन्सरचा प्रवाह, पाण्याचं तापमान, फीडचा आणि रिजेक्टचा दाब, परमिएटचा टीडीएस, आणि भागलेला प्रवाह. आठवड्यातून एकदा जारचे सेकंद.

सेन्सर की मेम्ब्रेन?

भागलेला प्रवाह उतरायला लागला की पहिला प्रश्न हाच. परमिएट शुद्ध असलं तरी महिन्या-दोन महिन्यांत टोकावर बुळबुळीत थर धरतो. हा थर गोधडीसारखा उष्णता आत अडवतो आणि सेन्सर प्रवाह कमी सांगू लागतो. उत्तर जारमध्ये आहे. सेकंद पूर्वीइतकेच आणि सेन्सर मात्र खाली, तर सेन्सर घाण झालाय. दोघेही सारखेच उतरले तर मेम्ब्रेन. आकडा क्षणाक्षणाला नाचत असेल तर बुडबुडे: फीड पंपाच्या सक्शनला कुठे हवा ओढली जातेय का ते बघा. प्लांट बंद असतानाही थोडा प्रवाह दिसत असेल तर पाइप थंड-गरम होताना आतलं पाणी जागच्या जागी फिरत असतं, ४ मिलिअँपिअरच्या जरा वरचा तेवढा भाग पीएलसीत शून्य धरायला सांगा.

सफाईसाठी लाइनचा दाब उतरवून सेन्सर काढा. १ लिटर शुद्ध पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्वच, घालून त्यात फक्त टोक अर्धा तास बुडवा आणि मऊ कापडाने पुसा. पॉलिश पेपर, सुरी, तारेचा ब्रश काही नको. टोकाच्या पातळ भिंतीला ओरखडा पडला की तिथे थर आणखी लवकर धरतो. परत बसवल्यावर प्लांट दहा मिनिटं चालू द्या, लाइनमधली हवा जाऊ द्या, मग एकदा जार भरा. जार आणि सेन्सर ५ टक्क्यांच्या आत जुळले तर वहीत तारीख घालून मोकळे व्हा. नाही जुळले तर चौथ्या पायरीपासून पुन्हा.